सिव्हिल इंजिनिअरिंगची चार वर्षे कशी आखावीत?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे : बारावीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून तुम्हाला एका स्वायत्त महाविद्यालयात सिव्हिल शाखा मिळाली आहे. इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय कोणते घ्यावेत, ईटॅब्स (इमारतीच्या रचनेच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर) किंवा रेव्हिट (त्रिमितीय ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर) यांचा क्लास पहिल्याच वर्षी लावावा का, गेट (पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) आणि एमपीएससीची तयारी केव्हा सुरू करावी, आणि मुलगी म्हणून साइटवर इंटर्नशिप मिळायला अडचण येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या तुमच्या मावसभावाने काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. मी स्ट्रक्चरल डिझाइनचा व्यवसाय करतो, अभ्यागत अध्यापक म्हणून शिकवतो आणि एका अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. त्यामुळे अभ्यासक्रम कागदावर कसा ठरतो आणि त्यातले चार वर्षांनी काय उरते, या दोन्ही बाजू मला रोज दिसतात.

माझे मत आधी सांगतो. पदवीची आखणी सेमिस्टरनिहाय करू नका, विषयांच्या साखळ्यांनुसार करा. या शाखेतल्या जवळजवळ सगळ्या साखळ्यांची पहिली भक्कम कडी दुसऱ्या वर्षात आहे. म्हणून सर्वाधिक वेळ, शिस्त आणि घरच्यांचा पाठिंबा दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा, आणि ‘मी स्ट्रक्चरल करणार की वॉटर रिसोर्सेस’ हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत निर्धास्तपणे लांबवा. बहुतेक विद्यार्थी नेमके उलटे करतात. ते पहिल्या वर्षी स्पेशलायझेशन ठरवतात, दुसरे वर्ष ‘सबमिशन आणि ओरल’ यांत कसेबसे काढतात आणि चौथ्या वर्षी क्लास लावून पाया भरायला बसतात.

साखळी म्हणजे काय, ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या तक्त्यावर पेन्सिलने रेघा मारूनच पाहा. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधून स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (एसओएम), तिथून स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, तिथून आरसीसी व स्टील डिझाइन, आणि त्यापुढे भूकंपरोधक रचना किंवा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, ही सर्वांत लांब साखळी आहे. दुसरी फ्लुइड मेकॅनिक्समधून निघते आणि हायड्रॉलॉजी, सिंचन, पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांकडे जाते. तिसरी जिऑलॉजीतून जिओटेक्निकल म्हणजे मातीच्या अभ्यासाकडे आणि तिथून फाउंडेशनकडे. सर्व्हेइंगमधून रस्ते, रेल्वे आणि जीआयएस म्हणजे संगणकीय नकाशांकडे एक वाट जाते. बिल्डिंग ड्रॉइंगमधून अंदाजपत्रक, निविदा, करार आणि बांधकाम व्यवस्थापन यांकडे दुसरी. यातल्या कुठल्याही साखळीत दुसऱ्या वर्षाची कडी कच्ची राहिली, तर पुढचा विषय पाठांतराने सुटतो, पण हाताला येत नाही.

हे किती खरे आहे, ते साइटवरच्या अगदी साध्या गोष्टीतून दाखवतो. एखाद्या इमारतीच्या गॅलरीचा स्लॅब कॅन्टिलिव्हर असतो, म्हणजे एका बाजूला धरलेला आणि दुसऱ्या बाजूला मोकळा. त्याची बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे स्लॅब कुठे किती वाकू पाहतो ते दाखवणारी आकृती, तुम्ही एसओएमच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच काढता : वरच्या बाजूला ताण, आधारापाशी सर्वांत जास्त. म्हणून मुख्य सळई वरच्या थरात असली पाहिजे. समजा स्लॅब १५० मिमी जाडीचा आहे, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ३० मिमी आणि सळई १० मिमी व्यासाची. तर इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, १५० वजा ३० वजा ५, म्हणजे ११५ मिमी. आता काँक्रीट ओतण्याच्या दिवशी मजूर घमेली घेऊन त्या सळईवरूनच चालतात. खाली चेअर (सळई उचलून धरणारे आधार) नीट लावलेल्या नसतील तर सळई ४० मिमी सहज दबते आणि इफेक्टिव्ह डेप्थ ७५ मिमी उरते. त्या गॅलरीची वाकण्याविरुद्धची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली. ड्रॉइंग बरोबर होते, सळईचे वजन बरोबर होते, काँक्रीटचे चाचणीसाठीचे क्यूबही २८ दिवसांनी पास होतील, आणि तरीही गॅलरी कमकुवत झाली. ज्या विद्यार्थ्याने ती डायग्राम केवळ गुणांसाठी पाठ केली तो शेजारी उभा राहून फोटो काढतो; ज्याला ती समजली आहे तो सुपरवायझरला थांबवून आधी चेअर लावायला आणि चालण्यासाठी फळ्या टाकायला सांगतो. दोघांच्या गुणपत्रिकेत कदाचित दोन-चार गुणांचाच फरक असेल.

आता दुसऱ्या वर्षाचे गणित मांडू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीसाठी एकूण १६० क्रेडिट धरले आहेत. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट, असा त्याचा हिशेब असतो. म्हणजे सरासरी सेमिस्टर २० क्रेडिटचे, आणि प्रात्यक्षिके धरून प्रत्यक्ष तास त्याहून जास्त. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचे वैशिष्ट्य असे की जवळजवळ प्रत्येक विषयाला प्रयोगशाळा किंवा ड्रॉइंग जोडलेले असते. सर्व्हेइंगची फील्डबुक, बिल्डिंग ड्रॉइंगची शीट, फ्लुइडची जर्नल, हे सगळे एकाच महिन्यात अंगावर येते आणि मग जर्नल उतरवून काढण्याची परंपरा सुरू होते. उपाय साधा आहे, पण पहिल्या आठवड्यापासून पाळावा लागतो : प्रात्यक्षिक झाले त्याच दिवशी निरीक्षणे आणि आकडेमोड पूर्ण करायची, लेखन नंतर केले तरी चालेल. ज्याची आकडेमोड स्वतःची आहे त्याला ओरलची भीती राहत नाही.

बॅकलॉग राहिलाच, तर सगळे बॅकलॉग सारखे समजू नका. साखळीच्या शेवटच्या कडीचा विषय राहिला तर तो पुढच्या परीक्षेत सोडवता येतो. एसओएम किंवा फ्लुइड मेकॅनिक्स राहिला तर त्याच वेळी त्यावर उभा असलेला पुढचा विषय शिकावा लागतो, आणि दोन्ही अर्धवट होतात. म्हणून वेळ कमी पडला तर कुठला विषय वाचवायचा, हे साखळी पाहून ठरवा. ‘सोपा आहे तो आधी’ या हिशेबाने नाही. पुढच्या वर्षात प्रवेशासाठी किमान किती क्रेडिट लागतात, मागचे किती विषय राहिलेले चालतात, हे नियम विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयागणिक वेगळे असतात. सिनिअरने सांगितलेले ऐकू नका, नियमावलीचे ते पान स्वतः वाचा.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गणिताचे दोन पेपर आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स मनापासून करा. केमिस्ट्री आणि बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये चांगले गुण मिळाले तर उत्तम, न मिळाले तर जग बुडत नाही. मेकॅनिक्समध्ये एकच कौशल्य पक्के झाले पाहिजे : कुठल्याही वस्तूचा फ्री बॉडी डायग्राम न अडखळता काढता येणे. प्रोग्रॅमिंगचा विषय असेल तर तो ‘आपला नाही’ म्हणून सोडू नका, कारण पुढे त्याचा उपयोग कसा होतो ते सॉफ्टवेअरच्या प्रश्नात सांगणार आहे.

दुसऱ्या वर्षातल्या दोन विषयांवर मी मुद्दाम थोडा थांबतो, कारण विद्यार्थी त्यांना दुय्यम समजतात.

एक सर्व्हेइंग. टोटल स्टेशनसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि ड्रोन यांच्या काळात ऑटो लेव्हलच्या दुर्बिणीतून लेव्हलिंग (उंचीची मोजणी) कशाला, असे विचारले जाते. लेव्हलबुकात शेवटी एक ताळा करायला शिकवतात : बॅकसाइटची (उपकरण मांडल्यावरच्या पहिल्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (ते हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज ही शेवटच्या आणि पहिल्या आरएलमधल्या, म्हणजे बिंदूंच्या उंचीतल्या, फरकाइतकी आली पाहिजे. विद्यार्थी तो ताळा जुळला की समाधानाने घरी जातात. पण तो ताळा फक्त आकडेमोड तपासतो. स्टाफवर (उभ्या मोजपट्टीवर) १.४३५ ऐवजी १.५३५ वाचले असेल तर आकडेमोड बिनचूक राहते आणि जमीन १०० मिमी चुकते. वाचनाची चूक पकडायची तर सर्व्हे फिरवून पुन्हा बेंचमार्कवर (ठाऊक उंचीच्या खुणेवर) आणून बंद करावा लागतो. कुठली तपासणी नेमके काय तपासते आणि काय तपासत नाही, ही समज या विषयातून येते, आणि ती पुढे ईटॅब्सच्या मॉडेललाही लागू पडते, क्यूबच्या अहवालालाही.

दुसरा जिओटेक्निकल, काही ठिकाणी तो तिसऱ्या वर्षाच्या आरंभी येतो. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग बेसाल्टवर आहे आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात त्यावर काळ्या मातीचा थर आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरमापर्यंत न नेलेल्या पायावरची घरे दर वर्षी थोडीथोडी फाटतात. प्रयोगशाळेत फ्री स्वेलची, म्हणजे माती किती फुगते याची, चाचणी असते. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागात ती दिली आहे. ओव्हनमध्ये सुकवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे. १०० मिलिलिटरच्या दोन सिलिंडरमध्ये एकेक नमुना टाकायचा, एकात डिस्टिल्ड पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरायचे आणि अडकलेली हवा ढवळून काढून ठेवून द्यायचे. २४ तासांनी रॉकेलमधली माती जवळपास आहे तेवढीच राहते, पाण्यातली वर चढलेली असते. पाण्यात १६ मिलिलिटर आणि रॉकेलमध्ये १० भरली तर फुगवटा ६० टक्के. सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्याच शेतातली एक पिशवी माती आणा आणि प्रयोगशाळेतल्या सहायकांना विनंती करून ही चाचणी स्वतः करा. जिऑलॉजीत पाठ केलेले माँटमोरिलोनाइट हे फुगणाऱ्या खनिजाचे नाव आणि घराच्या भिंतीवरची तिरपी भेग यांचा संबंध त्या दोन सिलिंडरांत डोळ्यांना दिसतो.

आता सॉफ्टवेअर. पहिल्या वर्षी ईटॅब्सचा क्लास लावू नका. फी वाया जाईल आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला डिझाइन येते असा समज होईल. ऑटोकॅड आणि एक्सेल दुसऱ्या वर्षी, तेही ड्रॉइंग आणि सर्व्हेइंगच्या सबमिशनसोबतच शिका. एक्सेलमध्ये किंवा पायथॉनमध्ये साध्या बीमची शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट काढणारी शीट स्वतः बनवा. आरसीसी शिकताना त्याच शीटला आयएस ४५६ (काँक्रीटचे मानक) प्रमाणे सळई काढायला लावा. हे काम कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीत जास्त बोलते. ईटॅब्स किंवा स्टॅड, जे काही शिकायचे ते स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस पूर्ण झाल्यावर. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या इंजिनिअरला मी पहिल्यांदा विचारतो की मॉडेलच्या आधारांवरच्या उभ्या रिअ‍ॅक्शनची (आधारांनी पेललेल्या बलांची) बेरीज किती आली आणि हाताने काढलेले इमारतीचे वजन किती. निवासी आरसीसी इमारतीत ते ढोबळमानाने प्रत्येक मजल्याच्या चौरस मीटरला १२ ते १५ किलोन्यूटनच्या आसपास येते. फार फरक असेल तर कुठेतरी भिंतींचे वजन द्यायचे राहिले आहे किंवा ते दोनदा दिले गेले आहे. हे न पाहता रंगीत डायग्रामची छापील पाने आणणारे उमेदवार पुष्कळ येतात. पाण्याकडे ओढा असेल तर ईपानेट (जलवाहिन्यांच्या जाळ्यासाठी) आणि हेक-रास (नदीच्या प्रवाहासाठी) ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, नकाशांसाठी क्यूजीआयएसही मोफत आहे. रेव्हिट आणि प्रायमाव्हेरा (प्रकल्पाच्या वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर) तिसऱ्या वर्षानंतर, गरज दिसली तरच.

आणि भारतीय मानके. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून ती नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे झेरॉक्सच्या झेरॉक्सवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. किमान आयएस ४५६ आणि आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचे) ही दोन मानके अभ्यासक्रमात येतील तेव्हा मुळातून वाचा, केवळ गाइडमधून नको. कुठली आवृत्ती लागू आहे आणि तिच्यात कोणत्या दुरुस्त्या झाल्या आहेत, हे पाहण्याची सवयही त्यातूनच लागते.

इंटर्नशिपसाठी तुमच्या हाती उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या खऱ्या उपयोगाच्या आहेत. दुसरे वर्ष संपल्यावरची सुट्टी ठेकेदाराच्या साइटवर काढा, आणि ती साइट शक्यतो लहान किंवा मध्यम असू द्या. मेट्रो किंवा सागरी पुलाच्या कामावर विद्यार्थ्याला हेल्मेट घालून फिरवतात आणि प्रेझेंटेशन दाखवतात. चार मजली इमारतीच्या साइटवर सेंटरिंग तपासायला, सळईच्या रिंग मोजायला आणि बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या मापांचा तक्ता) लिहायला सांगतात. काम सुरू व्हायच्या आधी सकाळी साइटवर पोहोचा, कारण दिवसाचे निर्णय त्या अर्ध्या तासात होतात. सुपरवायझर किंवा फिटर मिस्त्री यांना अहो-जाहो करून, वही हातात घेऊन प्रश्न विचारा. ते जे सांगतील ते कुठल्याही पुस्तकात एका ठिकाणी मिळणार नाही, मात्र त्यातले सगळेच बरोबर असेल असेही नाही, म्हणून संध्याकाळी मानकाशी ताडून पाहा. तिसऱ्या वर्षानंतरची सुट्टी डिझाइनच्या कार्यालयात किंवा शासकीय विभागात घालवा. सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदा विभागात संधी मिळाली तर मोजमाप पुस्तिका कशी भरतात, राज्य दरसूचीवरून अंदाजपत्रक कसे बनते आणि ठेकेदाराचे देयक कसे तपासले जाते, एवढे तरी पाहून या. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी. हायड्रॉलिक्सची आवड असणाऱ्याने तिथली प्रतिकृती-प्रयोगांची कामे एकदा तरी पाहायला हवीत.

मुलगी म्हणून अडचण येईल का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे की काही ठेकेदार अजूनही टाळाटाळ करतात आणि कारण म्हणून साइटवर स्वच्छतागृह नसल्याचे सांगतात. विचारण्याआधीच नकार गृहीत धरू नका, पण साइट निवडताना ही सोय, येण्या-जाण्याची वाट आणि तिथे जबाबदार इंजिनिअर कोण आहे, हे आधी विचारून घ्या, आणि शक्य असेल तर वर्गातल्या मैत्रिणीसोबत एकाच साइटवर अर्ज करा. महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊन प्रकल्प व्यवस्थापकाला थेट भेटल्यास ईमेलपेक्षा लवकर काम होते. ‘तू ऑफिसमध्ये बसून ड्रॉइंग बघ’ असे सांगितले, तर दिवसातले किमान दोन-तीन तास स्लॅबवर हवेत, असे पहिल्याच दिवशी नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

इलेक्टिव्हची निवड साधारण तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होते. आपल्या अभ्यासक्रमांचा एक कल लक्षात घ्या. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक कामांसाठी दुय्यम अधिकारी घडवण्याकरिता जो वर्ग सुरू झाला, त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, आणि त्या काळाची छाप आजच्या विषयपत्रिकेवरही आहे. धरण, कालवा, रस्ता, इमारत यांचे विषय भरभरून आणि करारविषयक कायदा, खर्चनियंत्रण, जुन्या बांधकामांची तपासणी व दुरुस्ती यांचे विषय इलेक्टिव्हच्या कोपऱ्यात, अशी ती मांडणी आहे. प्रत्यक्षात नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत करार आणि खर्च यांच्याशी रोज गाठ पडते, आणि शहरांतल्या चाळीस-पन्नास वर्षे जुन्या आरसीसी इमारतींची स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्ती हे काम वाढतच जाणार आहे. त्यामुळे कोणतीही साखळी निवडलीत तरी एक इलेक्टिव्ह करार व अंदाजपत्रकाच्या बाजूचा घ्यावा, असे माझे मत आहे.

स्ट्रक्चरलकडे जायचे असेल तर भूकंपरोधक रचनेचा इलेक्टिव्ह सोडू नका. महाराष्ट्राला भूकंप दूरचा आहे असे अजूनही अनेकांना वाटते. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, आणि दख्खनचे पठार स्थिर आहे हा समज मोडून १९७० मध्ये भूकंपाच्या मानकातला नकाशा बदलावा लागला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीत जे झाले ते तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. तिथे माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याचे जड छत कोसळून. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर चौथ्या आणि किल्लारीचा तिसऱ्या विभागात आहे (आकडा मोठा तितका धोका जास्त). या इलेक्टिव्हमध्ये आयएस १३९२० मधल्या सळईच्या तपशिलांवर भर देणारे प्राध्यापक असतील तर तो घ्याच. केवळ डिफरन्शियल इक्वेशन सोडवून घेणारा असेल तर त्याचा व्यवहारात उपयोग कमी होईल. एकंदरीतच इलेक्टिव्ह निवडताना विषयाच्या नावाइतकेच तो कोण शिकवणार आहे, याला महत्त्व द्या. सिनिअरचा सल्ला इथे मात्र जरूर घ्यावा.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर अनेक ठिकाणी दुसऱ्या विद्याशाखेचा मायनर, म्हणजे जोडविषय, आला आहे. कुठे तो पदवीच्या क्रेडिटमध्येच धरलेला असतो, कुठे १८ ते २० जादा क्रेडिट घ्यावे लागतात. ‘डेटा सायन्स’ हे नाव दिसले म्हणून सगळा वर्ग तिकडे धावतो. सिव्हिलमध्येच राहणार असाल तर पर्यावरण, अर्थशास्त्र किंवा जीआयएस यांचा मायनर अधिक कामाचा आहे. शाखा बदलून आयटीत जायचा विचार मनात असेल तर मात्र डेटा सायन्स अवश्य घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त तो निर्णय उघडपणे स्वतःशी करा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काँक्रीटमध्ये काहीतरी टाका आणि क्यूब फोडा, ही वाट फार मळलेली आहे. फ्लाय अ‍ॅश, नारळाची करवंटी, प्लॅस्टिक, सगळे टाकून झाले आहे. त्याऐवजी एखाद्या खऱ्या गावाची पाणीपुरवठा योजना घ्या. जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरतात. पुढच्या ३० वर्षांची लोकसंख्या काढा, गावाच्या नकाशावर लेव्हल घ्या, टाकीची जागा ठरवा, ईपानेटमध्ये जाळे चालवा आणि शेवटच्या घराला दाब पोहोचतो का ते पाहा. मग ग्रामपंचायतीत जाऊन प्रत्यक्ष योजनेत कुठले व्हॉल्व्ह कोण फिरवते, हे विचारा. मॉडेल आणि वास्तव यांतला फरक बऱ्याचदा तिथेच सापडतो. सर्व्हे, फ्लुइड, पर्यावरण आणि अंदाजपत्रक असे चारही विषय अशा एका प्रोजेक्टमध्ये येतात, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येते.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडक्यात. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षे चालतो. १०० गुणांपैकी १५ सामान्य अभियोग्यतेचे आणि सुमारे १३ गणिताचे, बाकी तेच विषय जे तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणार आहात. म्हणून पहिल्या वर्षापासून क्लास लावण्याचे प्रयोजन दिसत नाही. प्रत्येक सेमिस्टर संपल्यावर त्या विषयांचे गेटचे मागचे प्रश्न सोडवून वहीत ठेवले तरी पुरते, आणि गणित मात्र विसरू देऊ नका. तिसऱ्या वर्षी एकदा परीक्षा देऊन पाहा, खरा प्रयत्न चौथ्या वर्षी. ती फेब्रुवारीत असते, तेव्हा कॅम्पस आणि प्रोजेक्ट दोन्ही चालू असतात, हे ध्यानात ठेवून प्रोजेक्टचे काम दिवाळीपर्यंत निम्म्याहून पुढे न्या. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा वर्णनात्मक असते, तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी स्वच्छ उत्तर लिहिण्याचा सराव लागतो. राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे स्वरूप वरचेवर बदलते, त्यामुळे त्यासाठी आज पुस्तके घेऊन ठेवू नका. चौथ्या वर्षी त्या वेळची जाहिरात आणि अभ्यासक्रम वाचून ठरवा.

परदेशात जाण्याचा विचार असेल तर एक गोष्ट प्रवेशाच्या वेळीच पाहण्याजोगी असते. भारताचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनबीए, २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचे (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कायम सदस्य झाले, पण त्या कराराखालची मान्यता टियर-१ मध्ये, म्हणजे स्वायत्त संस्था व विद्यापीठांसाठीच्या गटात, अधिस्वीकृत असलेल्या अभ्यासक्रमांच्या पदवीलाच लागू होते. तुमचे महाविद्यालय स्वायत्त आहे, तेव्हा सिव्हिल विभागाची अधिस्वीकृती कोणत्या टियरमध्ये आहे आणि तुमची पदवी मिळेल त्या वर्षी ती चालू असेल का, हे विभागप्रमुखांना विचारून ठेवा.

तुमच्या मावसभावाची अडचण नेहमीपेक्षा वेगळी आहे. डिप्लोमाच्या मुलांना ड्रॉइंग, सर्व्हे आणि साइटची भाषा पदवीच्या मुलांपेक्षा चांगली येते. त्यांना अडते ते गणितात. पहिल्या वर्षाचे दोन गणिताचे पेपर त्यांनी दिलेले नसतात आणि तिसरा पेपर थेट समोर येतो. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याची वाट न पाहता त्याने आत्ताच डिफरन्शियल इक्वेशन, पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्स ही तीन प्रकरणे करून घ्यावीत, आणि मेकॅनिक्सचे पदवीच्या पातळीचे प्रश्न सोडवावेत, कारण ‘हे डिप्लोमाला झालेय’ असे वाटून एसओएमच्या पहिल्या महिन्यात त्याचे दुर्लक्ष होण्याचा संभव जास्त. तुम्ही दोघे एकाच महाविद्यालयात नसलात तरी तुमच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वह्या त्याला द्या, आणि बदल्यात त्याच्याकडून डिप्लोमाच्या एस्टिमेटच्या वह्या घेऊन ठेवा. तिसऱ्या वर्षी त्या तुमच्या कामी येतील.